काबरं तुटनं? एका एक्स-रे फिल्मचं रसग्रहण

दहावीच्या वर्गाला रसग्रहण शिकवताना पहिल्या तासाला मी मुलांना एवढंच सांगते, की कविता आधी नुसती बघा. ओळी किती, कुठली ओळ आखूड राहिली, मोकळी जागा कुठे सुटली आहे. अर्थाची घाई नको. बावीस वर्षं हे सांगते आहे. पण जीव लावून तसं बघायची वेळ माझ्यावर आली ती एका काळ्या फिल्मपुढे. १४ बाय १७ इंचांची ती फिल्म माझ्या वडिलांच्या, नानांच्या, उजव्या मांडीची होती.

संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. नाना ओट्याची पायरी चढत होते. हातात ओझं नव्हतं, पाय घसरला नाही. मांडीत आतल्या आत कट्ट झालं आणि ते भिंतीला धरून खाली बसले. नऊ महिन्यांपूर्वी, आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर, पारोळ्याहून धुळ्याला जाताना त्यांच्या मोटरसायकलला अपघात झाला होता. मांडीचं हाड गुडघ्याच्या वर, खालच्या तिसऱ्या हिश्श्यात मोडलं होतं. त्यात रॉड टाकून त्यांना घरी आणलं होतं. आता तो रॉडच तुटला होता. तालुक्याच्या दवाखान्यात पायाला स्प्लिंट बांधून त्यांना रात्रीपुरतं ठेवून घेतलं. तपकिरी पाकिटातली फिल्म माझ्या हातात दिली आणि सकाळी धुळ्याला दाखवा म्हणाले.

नानांचा त्या रात्री एकच प्रश्न होता. “काबरं तुटनं हाई?” अहिराणीतला हा ‘काबरं’ मला मराठीतल्या ‘का’पेक्षा जास्त जवळचा वाटतो. ‘का’ विचारून माणूस पुढे निघून जाऊ शकतो, ‘काबरं’ विचारणारा उत्तर मिळेपर्यंत हलत नाही.

सोबत आलेल्यांकडे उत्तरं तयार होती. माल हलका असेल. नाना घरात बसतात कुठे, कापसात गेले असतील. डॉक्टरनं नीट बसवला नसेल. दवाखान्याच्या बाकावर पाच मिनिटांत तीन निकाल लागले, आणि फिल्म अजून पाकिटातच होती. माझ्या वर्गात असंच होतं. कविता वाचायच्या आधीच मुलं ‘कवीने या कवितेतून असा संदेश दिला आहे’ असं लिहून मोकळी होतात.

मी फिल्म ट्यूबलाइटपुढे धरली. क्ष-किरण ज्यातून पार जात नाहीत ते फिल्मवर पांढरं उमटतं. म्हणून धातू सगळ्यांत पांढरा, हाड त्याखालोखाल दुधाळ, मांस धुरकट आणि बाहेरची हवा काळीभोर. एवढी लिपी कळली की बाकीचं हळूहळू वाचता येतं. कुल्ह्यापासून एक सरळ पांढरा पट्टा हाडाच्या पोकळीतून खाली उतरत होता. गुडघ्याच्या वर त्याला दोन आडवे बोल्ट होते, आणि त्यांतल्या वरच्या बोल्टाच्या भोकाशी पट्टा खंडित झाला होता. फट केसाएवढीच. खालचा तुकडा किंचित कलला होता, कोपरात हात जरासा मुडपावा तसा. मला तेव्हा एकच कळेना, की एवढी लांब सळई नेमकी त्या भोकाशीच का तुटावी. प्रश्न बरोबर होता, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. पण तो दुसरा प्रश्न होता. पहिला मी विचारलाच नव्हता.

धुळ्याच्या डॉक्टरांनी फिल्म व्ह्यू बॉक्सवर अडकवली, दिवा लावला आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. त्या न बोलण्यानं मला त्यांच्याविषयी भरवसा वाटला. मग त्यांनी पेनाचं टोक ठेवलं ते तुटलेल्या रॉडवर नाही, त्याच्या जरासं वर.

“सगळे रॉड बघतात, ताई. आधी हाड बघा.”

हाडाची दोन टोकं समोरासमोर होती आणि त्यांच्यामध्ये एक काळी, वाकडीतिकडी रेघ. अपघाताला नऊ महिने उलटले तरी ती रेघ बुजलेली नव्हती. हाड जुळलं नव्हतं. पण टोकं पाहिली तर ती मोडलेल्या काठीसारखी नव्हती. दोन्हीकडून ती फुगली होती, पसरली होती, कडांना दाट पांढरा थर चढला होता. डॉक्टर म्हणाले, याला आम्ही ‘एलिफंट फूट’ म्हणतो, हत्तीचं पाऊल. हत्तीपाय नावाच्या रोगाशी याचा संबंध नाही. नाव फक्त आकारावरून पडलेलं आहे.

या एका जागेपाशी मी पुढे कित्येक दिवस अडकून राहिले. हाड मोडलं की भोवती रक्त साकळतं, त्यातून आधी मऊ आणि मग कडक असं नवं हाड तयार होतं. त्याला कॅलस म्हणतात. दोन टोकांमध्ये त्याचा पूल बांधला जातो. पण टोकं सतत बारीक बारीक हलत राहिली, तर पूल मधोमध धरत नाही. मग हाड काय करतं? ते बाजूंनी पसरतं. उभं राहायला डळमळतंय असं वाटलं की आपण पाय फाकवून उभे राहतो, तसं ते आपलं पाऊल रुंद करत जातं. म्हणजे त्या टोकांत जीव होता, रक्त पोचत होतं, जुळायची ताकद होती. मिळाला नव्हता तो स्थिर आधार. न जुळणाऱ्या हाडांचा दुसरा एक प्रकार असतो. त्यात टोकं पेन्सिलीला धार केल्यासारखी बारीक होत जातात, भोवती काही उगवत नाही, हाडानं प्रयत्नच सोडलेला असतो. नानांची फिल्म तशी नव्हती. दवाखान्याच्या बाकावर ज्याला आम्ही बिघाड म्हणून बघत होतो, तिथे नऊ महिने रोज काम चाललं होतं.

रसग्रहणात आम्ही मुलांना आशय शोधायला सांगतो. या फिल्मचा आशय मला त्या काळ्या रेघेच्या दोन्ही बाजूंना सापडला. रॉडची फट हे नंतर घडलेलं कडवं.

आता तो रॉडचा प्रश्न. मांडीच्या हाडाच्या पोकळीत लांब खिळा घालून ते स्थिर करायची पद्धत जर्मनीतल्या कील शहरातल्या गेरहार्ड क्युंट्शर या शल्यविशारदाची. १९३९च्या नोव्हेंबरात त्यानं ती पहिल्यांदा माणसावर वापरली. दुसरं महायुद्ध संपता संपता जर्मनांच्या कैदेतून सुटून आलेल्या सैनिकांच्या मांडीत या सळया दिसल्या, तेव्हा दोस्त राष्ट्रांच्या डॉक्टरांना काय म्हणावं ते कळेना. पुढे त्या सळईला वर-खाली भोकं पाडून आडवे बोल्ट आले, म्हणजे पाय आखूडही होऊ नये आणि फिरूही नये. आज आपल्याकडे लोक ज्याला नुसतं ‘रॉड’ म्हणतात तो हाच, इंटरलॉकिंग नेल. बहुतेक वेळा पोलादाचा, क्रोमियम, निकेल आणि मॉलिब्डेनम घातलेल्या पोलादाचा, ज्यात कार्बन अगदी नाममात्र ठेवतात, म्हणून तो शरीरातल्या खाऱ्या द्रवात गंजत नाही. काही टायटॅनियमचे असतात.

पण हा धातू कितीही चांगला असला तरी कायमचं हाड व्हायला तो शरीरात गेलेला नसतो. हाड जुळेपर्यंत भार सोसायचा, ही त्याची नेमणूक. बाइंडिंगची तार आपण हातानं एकदाच ओढून तोडू शकत नाही. तीच मागे-पुढे, मागे-पुढे वाकवली की तुटते. प्रत्येक पावलाला रॉड डोळ्याला न दिसेल इतका वाकतो आणि सरळ होतो. हिंडता-फिरता माणूस वर्षाकाठी एकेका पायावर दहा लाखांच्या आसपास पावलं टाकतो. हाड जुळलं की भार हाडाकडे जातो आणि रॉड सुटतो. न जुळलं तर प्रत्येक पावलाचा हिशोब रॉडच्याच नावावर चढत राहतो. आणि भोक पाडलेली जागा कुठल्याही सळईत कमजोर असते, त्यातही मोडलेल्या जागेच्या सगळ्यांत जवळचं भोक. नानांचं हाड खालच्या बाजूला मोडलेलं, म्हणून तुटायची जागा आधीपासून ठरलेली होती. त्या वरच्या बोल्टाभोवती फिल्ममध्ये एक बारीक काळी कड होती, तीही डॉक्टरांनी दाखवली. बोल्ट हाडात सैल होऊन हलत होता, त्याची ती खूण. म्हणजे ‘कट्ट’च्या खूप आधीपासून फिल्मवर वाचण्यासारखं लिहिलं जात होतं. आम्ही ती फिल्म वेळेवर काढलीच नव्हती. राखीपर्यंत दर महिन्याला दाखवायला नेलं. मग मांडी दुखायची, तर नाना म्हणायचे थंडीमुळे दुखते, आणि आम्हीही तसंच म्हणायला लागलो. बिडीही सुटली नव्हती, आणि बिडीनं हाड जुळायला उशीर होतो हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं होतं.

तर मग दोष कोणाचा? डॉक्टरांनी एवढंच म्हटलं, “माल कसा होता ते मी या फिल्मवरून सांगू शकत नाही. पण हाड जुळलं असतं तर हा रॉड तुटला नसता.” मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. फिल्ममध्ये जेवढं आहे तेवढंच त्यात आहे. माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांनी रसग्रहण लिहिताना इतकंच पथ्य पाळलं तर मला दुसरं काही नको. नानांनी ते ऐकलं. “तुम्ही चालले म्हणून तुटला” असं रॉड तुटल्यापासून ज्याला पाय दिसेल तो त्यांना सांगत होता, आणि सांगत राहिला असता. नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले, “मंग हाड जुडाले फिरतं.” म्हणजे हाड जुळायला बघत होतं तर. त्यानंतर तो विषय त्यांनी काढला नाही.

इथे मला एका शब्दापाशी थांबायचं आहे. शल्य. मराठीत आपण हा शब्द आता मनासाठीच वापरतो. मुलाचं शिक्षण अर्धवट राहिलं हे शल्य, भावाशी बोलणं तुटलं हे शल्य. पण मुळात शल्य म्हणजे शरीरात रुतून बसलेली बाहेरची वस्तू, बाणाचं टोक, काटा, सळी. ती बाहेर काढायची विद्या ती शल्यचिकित्सा. आज पोट उघडण्यापासून डोळ्याच्या मोतीबिंदूपर्यंत सगळ्याला हा शब्द लागतो. त्याचा जन्म मात्र रुतलेलं काढण्याच्या कामातला आहे. तेव्हा मांडीतला तुटलेला रॉड काढणं हे शल्यचिकित्सेचं अगदी शब्दशः रूप.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात याच कामावर लागोपाठ दोन अध्याय आहेत, २६वा आणि २७वा. पहिला हरवलेलं शल्य कसं ओळखावं याचा, दुसरा ते कसं काढावं याचा. मी ते आयुर्वेदाच्या कुतूहलानं वाचले नव्हते, नानांच्या ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात झोप येईना म्हणून वाचले, आणि वाचताना अंगावर काटा आला. दवाखान्याच्या व्हरांड्यात ट्यूबलाइटपुढे फिल्म धरून मी जे करत होते, तेच इथे फिल्म नसताना चाललेलं आहे. त्वचेवर लेप लावायचा आणि तो कुठे आधी सुकतो ते बघायचं, कारण जिथे शल्य तिथे ऊब. शिरा-स्नायूंत शल्य हरवलं असेल तर रोग्याला मोडक्या चाकाच्या गाडीत बसवून खाचखळग्यांच्या वाटेनं वेगानं न्यायचं, जिथे ठणका उठेल तिथे शल्य. हाडात असेल तर तेल लावून, शेकून, बांधून, दाबून बघायचं. क्ष-किरण सापडायला १८९५ साल उजाडावं लागलं. तोवर माणसाचं दुखणं हीच फिल्म होती, आणि वैद्य ती वाचत होता.

काढण्याच्या अध्यायात हाडात रुतलेल्या शल्याची कलमं आहेत. पायांनी रोग्याला रेटून धरा आणि यंत्रानं ओढा. नाही निघालं तर बळकट माणसांकरवी रोग्याला धरवा, शल्याचं टोक वाकवून धनुष्याच्या दोरीनं बांधा, दोरीचं दुसरं टोक घोड्याच्या लगामाला, आणि घोड्याला चाबूक मारा, म्हणजे तो मान झटक्यानं वर उचलेल. किंवा झाडाची भक्कम फांदी वाकवून तिला बांधा आणि सोडा. वाचताना हे क्रूर वाटतं. दुसऱ्यांदा वाचलं की कळतं, लिहिणाऱ्यानं हाडाची पकड स्वतः हातानं अनुभवलेली आहे. हाड सोडत नाही. त्याला लागतो तो झटका, आणि तोही सरळ रेषेत. सातव्या अध्यायात त्याची १०१ यंत्रं आहेत, त्यांत २८ शलाका. काही शलाकांचं तोंड गांडुळासारखं, काहींचं नागाच्या फण्यासारखं, काहींचं बाणाच्या पिसाऱ्यासारखं, काहींचं मासे धरायच्या गळासारखं. प्रत्येकीचं काम वेगळं लिहिलेलं आहे. गळाच्या तोंडाची शलाका ओढून काढण्यासाठी.

हा गळ लक्षात असू द्या.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी मला बसवून सगळं समजावलं, आणि त्यासाठी त्यांनी वापरलं ते बॉलपेनची रिकामी नळी आणि वाकवलेली तार. रॉड घालणं त्या मानानं सोपं, म्हणाले. काढणं अवघड, आणि तुटलेला काढणं सगळ्यांत अवघड. वरचा तुकडा कुल्ह्याकडून काढता येतो. रॉडच्या वरच्या तोंडाला आतून आटे असतात, त्यात काढायची दांडी फिरवून बसवायची आणि तिच्यावरचा सरकता हातोडा उलट दिशेनं ठोकायचा, म्हणजे रॉड मागे येतो. पण खालचा तुकडा? त्याला वरून धरायला काही नाही. तो हाडाच्या पोकळीत खोल, गुडघ्याच्या जरा वर अडकलेला. गुडघा उघडून खालून ठोकता येतो, पण मग चांगल्या सांध्याला हात लावावा लागतो. म्हणून रॉड पोकळ असतो त्याचा फायदा घ्यायचा. एक लांब दांडी वरून त्या नळीतून खाली घालायची, तिचं टोक गळासारखं वाकडं. ते नळीच्या खालच्या तोंडातून बाहेर पडलं की किंचित वळवायचं, कडेला अडकवायचं आणि ओढायचं. गळ बसला नाही तर दुसरी युक्ती असते. टोकाला मणी असलेली तार नळीतून पार खाली घालायची, मग तिच्या शेजारून दुसरी साधी तार सरकवायची. दोन तारा मिळून नळी भरते, मणी मागे येऊ शकत नाही, आणि तार ओढली की तुकडा सोबत येतो.

नाना खाटेवर पडून ऐकत होते. बॉलपेनची नळी बघून त्यांचा चेहरा खुलला. “बोरमातली मोटार काढतस ना, तसंच शे हाई.” यावल-रावेरच्या केळीपट्ट्यापासून आमच्या कोरडवाहू गावांपर्यंत ज्याच्या शेतात बोअर आहे त्याला हे दृश्य माहीत आहे. पाइप तुटतो, मोटार शे-दोनशे फुटांवर अडकते, आणि मग ती काढणारी माणसं येतात. वरून काही दिसत नाही. दोराला बसणाऱ्या हिसक्यावरून ओळखायचं, गळ धरला की निसटला. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, “बरोबर नाना, फक्त आमच्याकडे सी-आर्म असतो, क्ष-किरणांचं यंत्र, आत बघता येतं. पण गळ बसला की नाही ते शेवटी हातालाच कळतं.”

ऑपरेशन साडेतीन तास चाललं. मी बाहेर होते, तेव्हा आतलं जे लिहिते ते नंतर ऐकलेलं आणि सी-आर्मच्या छापील चित्रांत पाहिलेलं. बोल्ट काढताना वरच्या बाजूच्या एका बोल्टाचं षटकोनी तोंड झिजून गोल झालं, पेचकस धरेना. अशा वेळी उलट्या आट्यांचं, निमुळतं टोक त्या तोंडात ठोकून डावीकडे फिरवतात. बोल्ट जितका सुटायला विरोध करतो तितकं ते टोक त्यात घट्ट बसत जातं. त्यानं काम झालं. खालच्या बोल्टांपैकी एक आतच तुटलेला निघाला. त्याचं डोकं आलं, टोकाचा बोटाच्या पेराएवढाही नसलेला तुकडा हाडाच्या पलीकडच्या भिंतीत राहिला. तो काढायचा तर चांगलं हाड पोखरावं लागलं असतं. डॉक्टरांनी तो तिथेच ठेवला. नव्या फिल्ममध्ये तो दिसतो, पांढरा ठिपका, आणि मला तो दिसला की बरं वाटतं. साडेतीन तास झगडून हातात आलेल्या कामात कुठे थांबायचं हे कळणं मी फार थोड्या माणसांत पाहिलं आहे. कवींमध्ये तर त्याहून कमी.

गळ तिसऱ्या खेपेला बसला. सी-आर्मच्या चित्रांत एकामागोमाग एक तो तुकडा वर येताना दिसतो. पहिल्या चित्रात गुडघ्याजवळ, मग मोडलेल्या जागेशी, मग मांडीच्या मध्यावर, आणि शेवटच्या चित्रात हाडाची पोकळी नुसती काळी. ती चार चित्रं मी शेजारी शेजारी ठेवून कितीदा पाहिली असतील. पुढचं काम त्या मानानं सरळ होतं. पोकळी आतून खरडून रुंद केली आणि आधीचा ९ मिलिमीटरचा रॉड होता तिथे ११ मिलिमीटरचा बसवला. दोन मिलिमीटरनं काय होतं, असं मी विचारलं. भरीव सळईचा ताठपणा तिच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो, म्हणजे ९ची ११ झाली की ताठपणा दुपटीहून जास्त. रॉड पोकळ असला तरी हिशोबाची दिशा तीच. शिवाय खरडताना निघालेला हाडाचा कीस मोडलेल्या जागी पडतो आणि नव्या हाडाला तिथे उभारी मिळते. हाडात जीव होताच. त्याला हवा होता तो आधार आता दिला गेला.

तुटलेले दोन तुकडे धुऊन आम्हाला एका प्लास्टिकच्या डबीत दिले. ते नानांच्या कपाटात आहेत, सातबाऱ्याच्या फायलीशेजारी. एकदा दुपारी मी भिंगाखाली तुटलेलं तोंड पाहिलं. नळीची भिंत जेमतेम दोन-एक मिलिमीटर जाडीची, पण तेवढ्यात दोन वेगळे पोत आहेत. भोकाच्या कडेपासून निघून बराचसा भाग गुळगुळीत, मळकट, आणि नीट तिरपा धरला तर त्यावर बारीक कमानी दिसतात, तापीचं पाणी ओसरताना काठच्या गाळावर एकाखाली एक रेघा उरतात तशा. उरलेला थोडासा भाग मात्र खरखरीत, चकाकता. धातुशास्त्रात ही खूण ओळखीची आहे. गुळगुळीत भागात भेग हळूहळू, भारामागून भाराला सरकत गेली. खरखरीत भाग शेवटच्या क्षणी एकदम तुटला. ओट्याची पायरी ती एवढीच, तो चकाकता कोपरा. बाकी सगळं त्याआधीच्या पावलांनी केलं होतं, शेतात गेलेल्या, देवळात गेलेल्या, माझ्या मुलाला शाळेत सोडायला गेलेल्या.

सहा महिन्यांनंतरची फिल्म पहिलीशेजारी लावली तर काळी रेघ शोधावी लागते. हत्तीचं पाऊल हळूहळू उतरतं आहे, कडा गोल होत आहेत, मधून पांढरे धागे आरपार गेले आहेत. नाना काठीशिवाय चालतात. बिडी सुटली, असं ते सांगतात.

हे मी एका घराचं लिहिलं. पण धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात, जळगावात तोच सुरत-नागपूर रस्ता वर्षानुवर्षं शहराच्या पोटातून गेला, आणि या दोन जिल्ह्यांत मोटरसायकलवाचून शेती होत नाही. मांडीत नाहीतर नडगीत रॉड असलेला माणूस आमच्याकडे गल्लीगल्लीत आहे. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जळगावात २०१८पासूनचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, यांच्या हाडांच्या वॉर्डात एक दुपार बसलं तरी हे दिसतं. २०१२ साली सरकारची जीवनदायी योजना पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत धुळं होतं. आता ती महात्मा फुल्यांच्या नावानं चालते, आणि तिच्यामुळे रॉड टाकणं कितीतरी घरांच्या आवाक्यात आलं. टाकलेल्या प्रत्येक रॉडची काही वर्षांनी काळजी घ्यावी लागेलच असं नाही. मोठ्या माणसात हाड जुळलं आणि त्रास नसला तर तो आयुष्यभर आत राहिला तरी चालतो. पण ज्याचा सैल होईल, तुटेल, ज्याच्याभोवती पू होईल, त्याला कुणीतरी तो काढून द्यावा लागणार आहे.

नानांच्या ऑपरेशनला आठ दिवस उशीर झाला तो एका कागदापायी. पहिल्या ऑपरेशनच्या वेळी मिळालेलं डिस्चार्ज कार्ड घर सारवताना भिजलं आणि कुणीतरी टाकून दिलं. रॉड कुठल्या कंपनीचा, किती जाडीचा, त्याच्या वरच्या तोंडाचे आटे कुठल्या मापाचे, काहीच कळेना. प्रत्येक कंपनीचे आटे आणि बोल्टांची तोंडं सारखी नसतात. डॉक्टरांना काढायच्या हत्यारांचे तीन वेगवेगळे संच मागवून ठेवावे लागले. रॉडच्या पाकिटावर एक स्टिकर असतो, त्यावर हे सगळं छापलेलं असतं, आणि तो केसपेपरवर चिकटवतात.

तुमच्या घरात कुणाच्या पायात रॉड किंवा प्लेट असेल तर आज तो स्टिकर शोधा, डिस्चार्ज कार्डाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आणि जुन्या फिल्म गादीखाली न घालता पाकिटात उभ्या ठेवा. डॉक्टरांनी पुढच्या तपासणीची तारीख दिली असेल तर पाय दुखत नसला तरी जा.